कणकेवरचा केरवा : तुमचे हात नकळत काय करत असतात?

कुडाळची_लेक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचायला येते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. लांबेल बहुतेक, सांभाळून घ्या.

मी ४६ वर्षांची. माहेर कुडाळ तालुक्यात, सासर रत्नागिरी, नोकरी हिशेबाची. सकाळी साडेपाचला उठायचं, दोन डबे, नऊची बस, संध्याकाळी परत, असं गेली बावीस वर्षं चाललंय आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. कोणी विचारलं असतं की तुला आवड कशाची, तर मी वाचन म्हटलं असतं, कारण काहीतरी सांगावं लागतं.

जुलैमधली गोष्ट. सकाळी पोळ्यांची कणीक मळून झाली, बाहेर धो धो पाऊस, लेक बारावीला आहे ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसलेली. म्हणाली आई तू रोज सेम वाजवतेस. मी म्हटलं काय वाजवते? तर म्हणे परातीवर, कणकेवर, रोज, मी व्हिडिओ काढलाय. आणि तिने दाखवला. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ, त्यात माझा उजवा हात कणकेच्या गोळ्यावर बोटं टाकतोय आणि डावा परातीच्या काठावर, आणि तो सरळसरळ केरवा आहे, भजनातला आठ मात्रांचा ठेका. धा गे ना ती न क धिं ना. एकदा नाही, चार आवर्तनं, आणि शेवटी उचलून सम पण घेतलेली. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले.

आता मागचं सांगते. माझे बाबा भजनात पखवाज वाजवायचे, आमच्याकडे मृदुंगच म्हणतात. पावसाळा सरत आला की पडवीत तालमी सुरू व्हायच्या आणि मृदुंगाची कणीक भिजवायचं काम माझ्याकडे असायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई कायमची असते पण डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, दरवेळी वाजवायच्या आधी ओली कणीक थापायची असते आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. त्या कणकेनेच तो खोल, पोटातून येणारा आवाज येतो. त्यात मीठ नाही तेल नाही, आणि पोळीच्या कणकेपेक्षा सैल. घट्ट झाली तर आवाज कोरडा होतो, जास्त सैल झाली तर वाजवताना ओघळते. सात-आठ वर्षांची असताना मला ते बरोब्बर जमायचं. बाबा भावाला मांडीवर मृदुंग देऊन शिकवायचे आणि मी खांबाला टेकून ऐकायची, मग मागीलदारी जाऊन पालथ्या घागरीवर तेच वाजवायची. तेरा-चौदाची झाले तेव्हा एक दिवस घागर माळ्यावर गेली. कोणी रागावलं नाही, कोणी काही बोललं पण नाही. भावाने पुढे दोन वर्षांत सोडून दिलं, त्याला क्रिकेट आवडायचं.

यावर्षी गणपतीला माहेरी गेले होते. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती, मृदुंग वाजवणारा माझा भाचा मुंबईहून निघालेला पण गाडी लेट, माणसं अंगणात जमलेली, आणि मृदुंग कोपऱ्यात गवसणीत. मी स्वयंपाकघरात गेले, वाटीभर पीठ घेतलं, पाणी घातलं. किती घालायचं याचा विचार करावा लागला नाही. बाहेर येऊन गवसणी काढली, धुम्यावर कणीक थापली, अंगठ्याने कडेने दाबून गोल केली आणि मांडी घालून बसले. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. पण पहिली थाप पडली, तो आवाज छातीत घुमला आणि त्यानंतर थरथर नव्हती. आरतीमागून आरती, ठेका कुठे पडला नाही. तिसऱ्या आरतीला डावं मनगट भरून आलं, दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, किट तकचे बोल तर गुळगुळीत येतच नव्हते. पण लय हलली नाही.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. मला वाटायचं की ती आवड मेली, लहानपणीची गोष्ट होती, संपली. ती संपलीच नव्हती. ती रोज सकाळी पावणेसहाला माझ्या स्वयंपाकघरात परातीवर वाजत होती आणि मलाच ऐकू येत नव्हती. म्हणून विचारतेय मनापासून, तुमचे हात नकळत काय करतात? कोणी बघत नसताना, कामात नसताना? सांगा ना.

रातांबा:

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी पण कुडाळकडचाच. आधी सांगा बाबा काय म्हणाले??

माझं सांगतो. मुंबईत अकरा वर्षं एका कंपनीत स्टोअरला होतो. तिथे माझी एक सवय होती, फोनवर कोणाशी वाद झाला की नंतर एकटाच गोडाऊनमध्ये ते सगळं बोलणं परत बोलायचो, दोघांच्या आवाजात, त्याचा पण आणि माझा पण, हातवारे करून. एकदा वॉचमनने बघितलं आणि त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. माझा चुलता दशावतारात काम करायचा, लहानपणी जत्रेत त्याच्या ट्रंकेशेजारी बसून मी त्याला चेहरा रंगवताना बघायचो, आरसा डाव्या हातात, उजव्या हाताने स्वतःच स्वतःला रंगवायचं, मेकअपवाला वगैरे कोणी नाही. आता गावी आलोय, दिवसा हार्डवेअरचं दुकान, आणि जत्रा सुरू झाल्या की रात्री नाटक.

ज्यांनी दशावतार बघितला नाही त्यांना सांगतो, याला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, कोण कोणामागून येणार ते ठरतं आणि संपलं. पुढचं सगळं उभ्याउभ्या. समोरच्याने जे वाक्य टाकलं ते उचलायचं आणि त्याला परत द्यायचं, मागे पेटी, पखवाज, झांज तुमच्याकडे बघून वाजतायत, आणि हे पहाटे दहीकाला होईपर्यंत. पहिल्या वर्षी मी वाक्यं पाठ करून गेलो होतो. समोरचा म्हातारा नट, सत्तरीचा, त्याने तिसऱ्याच वाक्याला भलतंच काहीतरी विचारलं आणि मी गप्प. माणसं बघतायत. तो हळूच म्हणाला, "पाठ केलला इसर, माझ्याकडे बघ आनि माका उत्तर दी." बघितलं आणि उत्तर आलं. गोडाऊनमध्ये यायचं तसंच आलं.

कुडाळची_लेक:

रातांबा, गोडाऊनचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. अकरा वर्षं तुम्ही तालीमच करत होतात.

बाबांचं विचारलंत. बाबा ७८ चे, आता ऐकू कमी येतं. आरती चालू असताना ते खुर्चीत होते, मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. संपल्यावर ते उठून आले, माझ्या बाजूला बसले, धुम्यावरची कणीक अंगठ्याने दाबून बघितली, कडेची चिमूटभर काढून टाकली. म्हणाले, "धुम्यार हात जड नको ठेव." एवढंच. रात्री जेवताना मी विचारलं बाबा, तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं? तर म्हणाले, "माका म्हायत होता. तू घागर वाजयत होतंस, मी पडवीतसून आयकत होतंय." मग मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं तेच होतं, की मग तेव्हा का नाही. पण त्यांनी मान खाली घातली होती आणि मला ते पुरे झालं.

पडवी:

फार सुंदर धागा. मी ६१, नुकताच रिटायर. माझा हात कायम लाकडावर फिरतो. कोणाच्याही घरी गेलो की दाराची चौकट, खुर्चीचा हात, टेबलाची कड चाचपतो. सागवान आहे, फणस आहे, आंबा आहे ते हाताला कळतं. बायको चारचौघात हात धरून ठेवते. सावंतवाडीचं माहेर आमच्या आईचं, चितारआळीत लहानपणी तासन् तास उभा राहायचो, लाखेच्या रंगाची खेळणी व्हायची ती बघत. या धाग्यामुळे काल जुना रंधा शोधून काढला. गंजलाय. घासतोय.

जुनामास्तर:

देवगड तालुक्यात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

कुडाळच्या ताई म्हणतात की मला आठवत नव्हतं पण हाताला आठवत होतं. ही नुसती बोलायची पद्धत नाही, ते खरोखर तसंच असतं. हेन्री मोलायसन नावाचा अमेरिकन माणूस होता, फिट्स फार यायच्या म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही भाग काढला. फिट्स कमी झाल्या पण त्याला नवीन काही लक्षातच राहीना, सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याला एक काम दिलं, कागदावर दोन रेषांची चांदणी, ती आरशात बघून गिरवायची. करून बघा, आरशात हात उलटाच जातो. तीन दिवस रोज करायला लावलं. दरवेळी तो म्हणायचा हे मी आधी कधी केलेलं नाही, आणि दरवेळी त्याच्या चुका कमी होत गेल्या. म्हणजे काय झालं हे लक्षात ठेवणारी जागा वेगळी आणि कसं करायचं हे सांभाळणारी जागा वेगळी. घागर माळ्यावर गेल्यापासून इतकी वर्षं तुमचा केरवा त्या दुसऱ्या जागेत सुखरूप होता.

अजून एक, हे पालकांनी वाचावंच. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग छापला. चित्रं काढायला आधीपासूनच आवडणारी मुलं निवडली. काहींना सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल, आणि दिलं. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग नुसते ठेवून दिले आणि लपून बघितलं. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. मी स्वतः वर्गात किती वर्षं स्टार आणि पेन्सिली वाटल्या, आणि कोणाची कुठली हौस त्यात विझली ते मला कधीच कळणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, तुमच्या घागरीला बक्षीस नव्हतं. कदाचित म्हणून टिकली.

ओटीवरची:

मी वेंगुर्ल्याची, ३८. तुमचं सगळ्यांचं वाचून छान वाटलं आणि मग रडूच आलं, कारण माझ्याकडे असं काहीच नाहीये. खरंच विचार केला दोन दिवस. माझे हात रिकामे असले की मोबाईल चाळतात. लहानपणी काय आवडायचं तर सगळं थोडं थोडं, कशातच पुढे नव्हते. घरी कोणी वाजवणारं नाही गाणारं नाही. दोन मुलं, सासूबाई आजारी, दुकानावर बसते. काही लोकांच्यात नसेलच ना असं काही? तसं असेल तर तेही ठीक आहे, पण मग असे धागे वाचताना आत काहीतरी टोचतं त्याचं काय करायचं?

कुडाळची_लेक:

ओटीवरची, तुझी पोस्ट तीनदा वाचली. तुला ए म्हटलं तर चालेल ना, धाकट्या बहिणीसारखी आहेस.

मी त्या व्हिडिओच्या आदल्या दिवशी हेच लिहिलं असतं गं. अगदी हेच. मी शोधलं नव्हतं, मला सापडलं पण नव्हतं, लेकीने दाखवलं. माझ्यापाशी स्वतःकडे बघायला वेळ नव्हता आणि आपण स्वतःला बघतो ते कायम कामात असतानाच बघतो. म्हणून विचार करून काही आठवेल असं मला वाटत नाही. तू तुझ्या मुलांना विचार. नवऱ्याला विचार. आई असेल तर आईला. आवड काय असं नको विचारू, मी रिकामी असले की काय करते, एवढंच विचार. आणि टोचतंय म्हणतेस ना, ते टोचू दे. नसतंच काही तर टोचलं कशाला असतं?

माडाखालचा:

थोडं कडू लिहितो, राग नसावा. हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. माझ्यावर घराचं कर्ज आहे, आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, जवळ सोय नाही म्हणून लांब न्यावं लागतं, अख्खा दिवस जातो. मला पण चित्रं काढायला आवडायची. आतला आवाज ऐका म्हणून सांगणारे लोक बघितले की वाटतं यांना हप्ता नसेल.

वाळूतलापाय:

माडाखालचा भाऊ, तुमचं बरोबर आहे. आईला बरं वाटू दे आधी. मी पोट भरलेला नाही म्हणून मी लिहितो.

आमची मालवणकडे पिढीजात रापण. दर्यात होडीने अर्धगोल जाळं टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि इकडून वीस-पंचवीस तिकडून वीस-पंचवीस माणसं ओढणार, आलेल्या मासळीचे वाटे पडणार. त्यात आता भागत नाही. मशीनवाल्या मोठ्या जाळ्यांनी मासा किनाऱ्याला यायच्या आधीच उचलला जातो, एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ साली बंदी घातली तरी रात्री दूर पाण्यात उजेड दिसायचा तो दिसतोच. म्हणून मी हॉटेल लाईनला गेलो, गोव्यात नऊ वर्षं होतो, किचनला. २०२० ला लॉकडाऊन झाला, नोकरी गेली, घरी आलो.

एक दिवस सकाळी वाळूत नुसता बसलो होतो, काही काम नव्हतं. आणि तोंडातून निघून गेलं, दगडाच्या अलीकडे तारली मासळी आहे. बाजूला काका होते, ते म्हणाले तुला कसं कळलं. मला सांगता येईना. पाणी तिथे वेगळं होतं, सगळीकडे लाट लांब लांब चालली होती आणि तेवढ्या तुकड्यात शहारा आल्यासारखं बारीक थरथरत होतं, रंग जरा काळपट, वर दोन पक्षी उगाच घिरट्या घालत होते पण खाली येत नव्हते. हे मी आत्ता लिहिताना सुटं सुटं सांगतोय, तेव्हा एकदमच दिसलं. जाळं टाकलं, तारली होती. पुढच्या चार वेळा सांगितलं त्यात दोनदा काही नव्हतं, हे पण सांगतो, मी काही देव नाही. पण नऊ वर्षं फ्रिजमधला मासा कापत होतो आणि डोळा तसाच राहिला होता.

आता मी आठ महिने हॉटेलला आणि बाकीचे घरी. हप्ता मला पण आहे. घरी असतो तेव्हा रोज पहाटे एक तास वाळूत जाऊन बसतो, मासा असो नसो. त्या तासाचे पैसे मिळत नाहीत. तो एक तास नसता तर मी त्या किचनमध्ये वेडा झालो असतो. नोकरी सोडा असं कोणीच कोणाला सांगू नये, पण तास ठेवावा.

आणि हे वाचून कोणी म्हणेल की हे उपजत असतं, मला ते पटत नाही. मी चार वर्षांचा असल्यापासून बाबांच्या खांद्यावर बसून पाणी बघितलंय. भरती कधी ते पण आमच्याकडे घड्याळाने नाही, तिथीने. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. ते कोणी शिकवलं आठवत नाही म्हणून उपजत वाटतं.

जुनामास्तर:

पाऊणकी! आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे पाठ करायचो, पुढे ती अभ्यासातून गेली. समुद्राने ती अजून सांभाळून ठेवलीय हे वाचून फार आनंद झाला. आणि ते बसतं पण बरोबर, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, पाऊण तासाला जवळच. त्यामुळे हिशेब सुमाराचा, पण दोर ओढायला पुरेसा.

तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शिकतोय हे कळायच्या आत जे शिकून झालं, त्याला आपण उपजत म्हणतो. मग खरं उपजत काय उरतं?

खारफुटी:

मास्तर, खरं उपजत बघायचं असेल तर वेळासला या, मंडणगड तालुक्यात. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं. मादी रात्री येऊन वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, परत बघायला येत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, त्यांना कोणी सांगायला नाही, आणि जिकडे उजेड जास्त तिकडे निघतात. रात्री मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राच्या बाजूचं आभाळच जास्त उजळ असतं. रस्त्यावर दिवा लावला की तीच पिल्लं दिव्याकडे जातात. उपजत असलं तरी चुकतं, बाहेर काय लावून ठेवलंय त्यावर आहे.

मी दोन सीझन आमच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांसाठी मदत करतोय. लोकांना वाटतं मला प्राण्यांची आवड. खरं सांगू, मला मोजायची आवड आहे. लहानपणी एसटीचे नंबर वहीत लिहायचो, पावसाचे दिवस लिहायचो, आमच्या परसातल्या माडाला किती नारळ आले ते लिहायचो, घरचे विचारायचे याचं करणार काय. आता कुठल्या तारखेला कुठे घरटं, किती अंडी, किती पिल्लं, ती वही माझ्याकडे आहे आणि तिला काहीतरी अर्थ आहे. रात्री दीड वाजता टॉर्चच्या लाल उजेडात अंडी मोजताना जे वाटतं ते मला कुठल्याच दुसऱ्या गोष्टीत वाटलेलं नाही.

माडाखालचा:

वाळूतलापाय, धन्यवाद. तास ठेवावा हे पटलं. डायलिसिसला चार तास बाहेर बसावं लागतं, तिथे मी फोनच बघतो. बघू.

रातांबा:

माडाखालचा भाऊ, पिंगुळीला या एकदा, कुडाळपासून जवळ आहे. चित्रकथीवाल्या, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या, ठाकर समाजातले परशुराम गंगावणे, २०२१ ला पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच आपल्या कलेचं संग्रहालय केलं. जुनी चित्रं आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत. पोट भरलं म्हणून नाही केलं त्यांनी. आणि चित्रं आवडतात तर बघून बरं वाटेल. मी नेतो, खरंच सांगतो, मेसेज करा.

कुडाळची_लेक:

मंडळी, अडीच महिन्यांनी येतेय, बरंच झालंय.

आमच्या इथे रत्नागिरीत वाडीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, पंधरा जणी, सोमवार आणि गुरुवार. त्यांच्याकडे मृदुंग वाजवायला एक दादा यायचे ते गावी गेले, म्हणून नुसत्या टाळावर चाललं होतं. मी गेले. बाबांनी त्यांचा मृदुंग दिला होता, खैराचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. आणि पहिल्याच दिवशी अडलं. बाबांचा मृदुंग बुवांच्या आवाजाला लावलेला, पेटीच्या काळी एक पट्टीला. बायका गातात काळी चारला. मी कडेचे लाकडी गट्टे ठोकत गेले, चामड्याची वादी ताणत गेले, तो चढेना. दोन सूर चढला आणि शाईच्या कडेला बारीक तडतड आवाज आला तशी घाबरून थांबले. रात्री बाबांना फोन केला. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून भाऊ मध्ये, मी भावाला सांगायचं, तो मोठ्याने बाबांना सांगणार, ते बोलणार, तो मला सांगणार. वीस मिनिटं. भाऊ, ज्याने सोडून दिलं होतं तो, मधेच म्हणाला अगं थांब, तोंडाचा घेर मोठा आहे ना, तेवढ्या मोठ्या तोंडाला काळी चार येणारच नाही, तोंडावरची चामड्याची पुडी फाटेल, लहान तोंडाचा मृदुंग लागेल तुला. मी म्हटलं तुला आठवतं? तो काहीच बोलला नाही थोडा वेळ. मग म्हणाला आठवतं.

तर आता लहान तोंडाचा मृदुंग बघतेय. कोणाला सिंधुदुर्गात किंवा कोल्हापूरकडे पुडी घालून देणारे चांगले कारागीर माहीत असतील तर प्लीज मेसेजमध्ये कळवा. तोवर मंडळातल्या बायका माझ्यासाठी खाली उतरून गातायत, दोघीतिघींना ती पट्टी जड जाते, तरी गातात. डाव्या मनगटाचं दुखणं कमी झालंय. किट तक अजून स्वच्छ नाही, रोज रात्री अर्धा तास उशीवर वाजवते म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. लेक म्हणते परातीवरचं बंद झालं हल्ली. मी लक्ष ठेवून बघितलं, खरंच बंद झालंय.

पडवी:

खैराचं खोड असेल तर जपा, आता तसं मिळत नाही. रंधा चालू झाला. नातवासाठी पाट केला, चार पायांपैकी एक जरा आखूड आहे, परत करतोय.

ओटीवरची:

ताई, तू सांगितलंस तसं विचारलं. नवरा म्हणाला माहीत नाही. मोठा मुलगा म्हणाला मोबाईल बघतेस. मग आईला फोन केला, तिला नीट कळलंच नाही मी काय विचारतेय ते, म्हणाली तुझं काय ते माझं कायम डोकं खायचीस फातीवरून. म्हटलं कसल्या फातीवरून. तर म्हणाली अगो अबोलीची फाती, गजरा गं, मी करायचे ना, तू सोडवून परत करायचीस, म्हणायचीस गाठी सारख्या नाहीत.

मला हे अजिबात आठवत नाही. पण त्यानंतर बाजारात गेले तर मासळी मार्केटच्या बाहेर फुलवाल्या बसतात, तिथे मी उभी राहिले आणि मला कळलं की मी रोज इथे उभी राहते. रोज. विकत घेत नाही कधी, डोक्यात घालायची सवय नाही मला. मी फुलं बघतच नसते, केळीच्या सोपाची, म्हणजे सालीच्या दोऱ्याची, गाठ बघत असते. एक म्हातारी आहे, ती दोन फुलं उजवीकडे दोन डावीकडे ठेवते आणि अंगठ्याने सोप असा काही आत वळवते की गाठ दिसतच नाही. बाकीच्यांची दिसते. काल तिला विचारलं हे कसं करता, तर तिने माझा हात ओढून सोप बोटाला गुंडाळला. तिचे हात ओले, गार.

मी काही केलेलं नाही अजून. हे तेच आहे का ते पण माहीत नाही. सुरंगी फुलायला अजून वेळ आहे, आत्ता अबोली आहे. म्हातारी म्हणाली उद्या सकाळी लवकर ये, सात वाजता, तेव्हा गिऱ्हाईक नसतं.